चार्ट जेएस: एक पावसाळा आणि हळदीचा एक सीझन वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, चार्ट जेएस ही वेबपेजवर ग्राफ काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी चांगलीय आणि मी ती सोडणार नाहीये. पण तिच्यात पुढं काय यायला पाहिजे आणि काय अजिबात नको यावर इतक्या महिन्यांत मत पक्कं झालंय, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

माझी कामं दोन. एक, सांगलीत आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीचा ग्राफ. दुसरं, मार्केट यार्डातल्या एका अडत्याला हळदीच्या दरांचे ग्राफ. इथल्या माणसाला पातळीचं वेगळं सांगायला नको, ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेलेली. कोयनेतून विसर्ग वाढवला की लोक रात्री उठून उठून मोबाइल बघतात, तेव्हा ग्राफ साध्या फोनवर आणि पडक्या रेंजमध्ये पण उघडला पाहिजे ही माझी पहिली अट. ईचार्ट्स या दुसऱ्या ग्राफच्या लायब्ररीचा नंबर तिथंच कटला. तिच्यात झूम, तारखांचा अक्ष, आडवी रेघ, एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी न फाटणारं चित्र) सगळं आतच आहे, पण पूर्ण फाइल मिनिफाय करून, म्हणजे दाबून लहान करून पण एक एमबीच्या आसपास जाते. चार्ट जेएस त्याच्या साधारण पाचव्या हिश्श्यात. ईचार्ट्समधून पण हवे तेवढेच भाग उचलता येतात म्हणा, पण माझं काम एका स्क्रिप्ट टॅगमध्ये भागतंय तर कशाला बिल्डच्या, म्हणजे फायली बांधून घ्यायच्या नादाला लागू.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्पॅनगॅप्स हे सेटिंग. पातळीचा डेटा काय सलग येत नाही, मध्येच चार तास काहीच नाही, आणि बहुतेक ग्राफ तिथं सरळ रेघ ओढून मोकळे होतात. बघणाऱ्याला वाटतं पाणी हळूहळू चढलं, आणि खरं काय झालं ते कुणाला माहीत! इथं तारखांच्या अक्षावर स्पॅनगॅप्सला नुसतं खरं-खोटं न देता आकडा देता येतो, म्हणजे एवढ्यापेक्षा मोठं अंतर असेल तर रेघ तोड, मग मधल्या वेळेची ओळ डेटात मुळातच नसली तरी चालतं. मी तीन तास दिलेत, मिलीसेकंदात ते १,०८,००,००० होतात, पहिल्यांदा वाचणाऱ्याला कोयनेचं बजेटच वाटेल. त्यात सेगमेंट म्हणून ऑप्शन आहे, रेघेच्या प्रत्येक तुकड्याला वेगळा रंग देता येतो, ४५ च्या वरचा तुकडा लाल. हे दोन्ही कोअरमध्ये, म्हणजे मूळ लायब्ररीतच आहेत आणि तिथंच असायला पाहिजेत.

आता जे नाही ते, म्हणजे जे प्लगिन नावाचे वेगळे तुकडे जोडून घ्यावं लागतं. इशारा आणि धोक्याची आडवी रेघ काढायला अ‍ॅनोटेशनचं प्लगिन. ग्राफ बोटानं मोठा करायला झूमचं प्लगिन, आणि ते टचवर चालायला परत हॅमर जेएस ही बोटांच्या खुणा ओळखणारी लायब्ररी, जिची नवीन आवृत्ती २०१६ नंतर आलेलीच नाही. तारखांच्या अक्षाला एक तारखेची लायब्ररी आणि वर तिला चार्ट जेएसशी जोडणारा अ‍ॅडॅप्टर. प्रोजेक्टचा रोखच असाय की कोअर लहान ठेवायचा आणि बाकीचं प्लगिनमध्ये ढकलायचं. तत्त्व म्हणून मला हे पटतं, कारण लोक सारखे नवीन चार्टचे प्रकार मागत असतात, सँकी (प्रवाहाचे पट्टे) पाहिजे, ट्रीमॅप (चौकोनांत चौकोन) पाहिजे, आणि त्या दोन्हींची वेगळी प्लगिनं आहेत, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावीत. सगळ्यांनी त्याचं ओझं का वहायचं? पण आडवी रेघ ही काय हौस नाही हो. हळदीचा मागच्या वर्षीचा सरासरी दर, शाळेच्या निकालात पासिंगची रेघ, सगळ्यांनाच ती लागते. फीचर आत घ्यायचं का बाहेर ठेवायचं हे ठरवताना ते किती अवघड आहे यापेक्षा किती जणांना पहिल्याच दिवशी लागतंय हे बघायला पाहिजे असं मला वाटतं, आणि त्या हिशेबानं रेघ आणि तारीख आत, सँकी बाहेर.

तारखेचं तर ब्राउझरमधलं इंटल (आकडे-तारखा त्या त्या भाषेत दाखवायची सोय) वापरून आतच होऊ शकेल. आकड्यांसाठी ते वापरतातच की, लोकेल, म्हणजे भाषेचा कोड, एमआर-आयएन दिलं की अक्षावर १,२३,४५६ असं लाखाच्या स्वल्पविरामासकट मराठीत येतं, अडत्या खूश. महिन्यांची नावं मात्र अ‍ॅडॅप्टरच्या हातात, त्यामुळं आकडे मराठी आणि खाली जुलै इंग्रजीत. लक्सॉन या तारखेच्या लायब्ररीचा अ‍ॅडॅप्टर टाकून त्याला वेगळं लोकेल दिलं तेव्हा जुळलं.

दुसरी मागणी छपाईची. अडत्याला ग्राफ कागदावर लागतो, तो पण काळापांढरा, झेरॉक्स काढून भिंतीला लावायला. राजापुरी आणि दुसऱ्या हळदीचे बार दोन्ही सारखेच करडे दिसतात. ईचार्ट्सच्या ५ व्या आवृत्तीत डेकल म्हणून नक्षी भरायची सोय आली, ज्यांना रंग ओळखायला त्रास होतो त्यांना पण कामाची. चार्ट जेएसमध्ये कॅनव्हासचा (ती ज्यावर ग्राफ काढते तो ब्राउझरमधला फळा) पॅटर्न स्वतः बनवून द्यावा लागतो. होतं, पण एका ओळीत व्हायला पाहिजे.

कॅनव्हासचा अजून एक त्रास म्हणजे देवनागरी वेबफॉन्ट उशिरा लोड झाला तर ग्राफ आधीच दुसऱ्या फॉन्टमध्ये काढून झालेला असतो, मग फॉन्ट आल्यावर अपडेट मारायचं. आणि न दिसणाऱ्यांना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला आत काहीच वाचता येत नाही, एरिया-लेबल (aria-label, म्हणजे वाचून दाखवायचं वर्णन) आपणच लिहायचं. मी त्यात शेवटची पातळी आणि वेळ टाकतो.

नवीन सुरू करणाऱ्यांनी एक बघा. नेटवरची बरीच उत्तरं चार्ट जेएसच्या आवृत्ती २ च्या काळातली आहेत, २०२१ ला आवृत्ती ३ आली तेव्हा अक्ष लिहायची पद्धतच बदलली, आडव्या बारचा वेगळा प्रकार काढून टाकला, लेजंड (रंगांची यादी) आणि टूलटिप (बोट ठेवल्यावर दिसणारा आकडा) यांची सेटिंगं प्लगिन्सच्या खाली गेली. कोडमध्ये एक्सअ‍ॅक्सेस (xAxes, जुनी पद्धत) दिसलं की ते उत्तर सोडून द्या. आणि ३ वरून ४ वर जायचं असेल तर आधी अ‍ॅनोटेशन आणि झूमच्या कुठल्या आवृत्त्या चालतात ते तपासा, आणि हे काम मे महिन्यात उरका, पाणी चढायला लागल्यावर नाही.