एकच म्हैस, तीन हिशोब

शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनी चालवत असाल, तर आज ना उद्या माल घेणारा म्हणणारच, ‘पर्यावरणाचा हिशोब द्या.’ तोही नुसत्या उसाचा नाही, अख्ख्या शेताचा: गोठा, विहीर, बांधावरची झाडं, बाहेरून आणलेली पेंड, सगळं धरून. आमच्या गटात यावर तीन रस्ते चर्चेला आले. कूल फार्म टूल, एफएओचं (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचं) ‘टेप’ आणि घरची वही.

तुलनेसाठी एक शेत धरू. पाच एकर. त्यात दोन एकर ऊस, बाकी सोयाबीन-हरभरा, थोडा मका-घास आणि दावणीला दोन म्हशी. उसाला युरियाची बारा पोती, फडातून ८० टन.

कूल फार्म टूल हे ऑनलाइन गणित आहे. युनिलिव्हर, अ‍ॅबरडीन विद्यापीठ आणि सस्टेनेबल फूड लॅब यांच्या कामातून ते उभं राहिलं. खत, डिझेल, वीज, जनावरं, पिकाचं वजन भरलं की कार्बनचा आकडा येतो; पाणी आणि जैवविविधतेचे भाग वेगळे आहेत. मोठे खरेदीदार बहुधा हाच आकडा मागतात, कारण तो त्यांच्या अहवालात थेट बसतो.

आकडा येतो कुठून, हे एकदा हाताने करून पाहावं. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र असतं. आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञ-गटाच्या) ढोबळ गुणकाप्रमाणे त्यातलं १ टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं, आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. ०.२०७ किलो नत्राचा, त्यातला ऑक्सिजन धरून, ०.३२५ किलो वायू होतो; त्याचे कार्बन डायऑक्साइडच्या मापात झाले ८९ किलो. युरियाचं मातीत विघटन होताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड ३३ किलो. म्हणजे पोत्यामागे १२२ किलो, आणि यात युरियाच्या कारखान्याचा धूर धरलेलाच नाही. टूलचं गणित याहून बारीक आहे, पण अंदाजाला एवढं पुरे. बारा पोती म्हणजे साधारण १,४६० किलो, टनामागे १८.

आता शेजाऱ्याने तेवढ्याच दोन एकर उसाला चौदा पोती टाकली आणि १०० टन काढले. त्याचे झाले १,७१० किलो, पण टनामागे १७. कागदावर शेजारी ‘सुधारला’. जमिनीवर दोन पोती जास्त पडली, हे टनाच्या आकड्यात दिसतच नाही. म्हणून हे टूल घ्यायचं तर एकच अट घाला: अहवालात टनामागचा आणि एकरामागचा, दोन्ही आकडे छापायचे. खरेदीदार कुरकुरतो. कुरकुरू दे.

म्हशीचा हिशोब तर आणखी गमतीचा. आयपीसीसीच्या २००६ च्या ठोकताळ्याप्रमाणे आपल्याकडची म्हैस रवंथातून वर्षाला सुमारे ५५ किलो मिथेन सोडते. कार्बनच्या भाषेत, म्हणजे तेवढंच तापवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये मोजलं तर, दीड टन. दोन म्हशींचे तीन टन, म्हणजे बारा पोती युरियाच्या दुप्पट. फक्त उसाचा अहवाल दिलात तर म्हशी गायब, अख्ख्या शेताचा दिलात तर त्याच पहिल्या आरोपी.

टेप मध्ये हीच म्हैस गुण मिळवून देते. एफएओने २०१९ मध्ये काढलेली ही पद्धत अ‍ॅग्रोइकॉलॉजीच्या, म्हणजे निसर्गाशी जुळवून घेणाऱ्या शेतीच्या, दहा तत्त्वांवर उभी आहे. पहिल्या फेरीत ३६ मुद्द्यांना शून्य ते चार गुण द्यायचे: पिकांची विविधता, शेणाचा पुनर्वापर, बियाणं घरचं की विकतचं, विक्री कुठे. पुढच्या फेरीत उत्पन्न, कीटकनाशकांशी येणारा संपर्क, घरातल्यांच्या ताटातली विविधता, निर्णयांत बाईचा वाटा, तरुणांना शेतात राहायचंय का, हे सगळं येतं. मातीसाठी प्रयोगशाळा लागत नाही. रंग, वास, भुसभुशीतपणा आणि गांडुळं पाहून गुण देतात.

मला ही पद्धत मनापासून आवडते. गोठा आणि फड यांचं नातं दुसरं कुठलंच टूल इतकं नीट पकडत नाही. पण खरेदीदाराला दाखवायला ती पांगळी आहे. आमच्यातल्या दोघांनी एकाच शेताला स्वतंत्रपणे गुण दिले, तर पुनर्वापराला एकाने तीन दिले, दुसऱ्याने एक. दोघेही बरोबर होते: शेणखत शेतात जात होतं, पण उसाचं पाचट पेटवलं जात होतं. गटात बसून भांडायला हे उत्तम. दोन गावांची तुलना करायची असेल तर गुण देणारा माणूस एकच ठेवा.

एफएओचीच ‘साफा’ ही टिकाऊपणा मोजायची पद्धतही कुणीतरी सुचवेल. ११६ निर्देशक आहेत त्यात. प्रक्रिया उद्योगाला, मोठ्या पुरवठा साखळीला ठीक. पाच एकरांसाठी तोफ.

उरली वही, आणि माझा कौल तिलाच. नियम एकच: शेताच्या फाटकातून आत काय आलं आणि बाहेर काय गेलं. युरिया, डीएपी, पेंड आत. ऊस, दूध, सोयाबीन बाहेर. घरच्या गोठ्यातलं शेणखत घरच्याच शेतात गेलं तर लिहायचं नाही. विकलं तर लिहायचं. नेदरलँड्सने १९९८ पासून काही वर्षं असाच नत्र-स्फुरदाचा ताळेबंद कायद्याने मागितला होता आणि मर्यादेपेक्षा उरलं तर पैसे वसूल केले होते.

आपल्या शेतातला फक्त ऊस पाहा. बारा पोत्यांतून आत आलं २४८ किलो नत्र. टनाला ढोबळ एक किलो धरला तर उसाबरोबर गेलं ८०. उरलेले १६८ किलो कुठे? काही पाचटात, मुळांत, मातीत. बाकीचं अमोनिया होऊन हवेत आणि नायट्रेट होऊन विहिरीत. शेजाऱ्याचे उरले १९०. कार्बनच्या टनात जो सुधारला होता, तो वहीत घसरला. वहीची अडचण सोयाबीनपाशी येते. ते हवेतलं नत्र स्वतःच बांधतं, त्याची पावती नसते. ते पान वेगळं ठेवा.

पाण्यासाठी मोटारीचे तास लिहा. कृषिपंपाला बऱ्याच ठिकाणी मीटर नाही, तेव्हा वीजबिलावरून काही कळत नाही. पाच एचपीची मोटार तासाला साधारण चार युनिट खाते, युनिटला ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला की तासाला जवळपास तीन किलो.

‘मातीत कार्बन वाढला, क्रेडिट (म्हणजे कार्बन साठवल्याचे पैसे) मिळेल’ असं सांगणारे भेटतील. एका एकरात वरच्या १५ सेंटिमीटरची माती सुमारे आठ लाख किलो भरते. सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढला, तर तीन टन कार्बन डायऑक्साइड साठला असा हिशोब निघतो. म्हणजे दोन म्हशी पुसल्या गेल्या. पण तेवढा फरक एकाच शेतातल्या दोन नमुन्यांतही येतो. मृदा आरोग्य पत्रिकेवर तर मुळीच विसंबू नका: त्या योजनेत बागायतीला अडीच हेक्टरांच्या चौकोनातून एक नमुना घ्यायचं ठरलं होतं, त्यामुळे पत्रिका तुमच्या नावाची आणि माती शेजाऱ्याची असू शकते. नमुना स्वतः काढा, आठ-दहा ठिकाणचा, दरवर्षी एकाच महिन्यात.

तर, खरेदीदाराने कागद मागितलाय आणि मुदत जवळ आहे? कूल फार्म टूल, वरच्या अटीसह. गटातच पुढे काय करायचं हे ठरवायचंय? टेप, एका निवांत दुपारी. काहीच घाई नाही? मग वही, पुढे टूलमध्ये भरायचे बरेचसे आकडे तिच्यातूनच निघतात. पहिल्या पानावर आज कोठीत उरलेली पोती मोजून लिहा. ती राहिली की ताळा चुकतो. आमचा पहिल्या वर्षी सात पोत्यांनी चुकला होता.