सव्वा महिन्याची घरपोच बाळंतीण-सेवा : नोकरदार आजीच्या नजरेतून

बाळंतिणीची आणि नवजात बाळाची घरी येऊन काळजी घेणारी सेवा आता जळगावातही मिळते. दोघींची मालीश, बाळाची अंघोळ, बाळंतिणीचा शेक आणि हवा असल्यास दोन वेळचा डबा, असे तिचे स्वरूप असते आणि ती सव्वा महिन्यासाठी एकरकमी घेतली जाते. मुलीच्या पहिल्या बाळंतपणासाठी आम्ही ही सेवा मार्च-एप्रिलमध्ये घेतली. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेची प्रमुख आहे आणि निवृत्तीला अजून काही वर्षे आहेत. मार्च महिना म्हणजे काय, हे बँकेत नोकरी करणाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना वेगळे सांगावे लागत नाही. नात झाली ती नेमकी वर्षअखेरीच्या तोंडावर. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण एका घरच्या अनुभवावरून कुणाच्या व्यवसायाला बट्टा लावणे योग्य नाही आणि पैसे भरण्यापूर्वी ज्या गोष्टी विचारून घ्याव्यात त्या नाव कोणतेही असले तरी बदलत नाहीत.

अशा सेवांवरचे अभिप्राय बहुधा तरुण आया लिहितात. ज्या बाईने ही सेवा ठरवली, जिच्या भरवशावर मुलगी माहेरी आली आणि जी स्वतः सकाळी साडेनऊला घराबाहेर पडते, तिच्या बाजूने ही सेवा कशी दिसते, ते येथे मांडत आहे.

पहिली अडचण वेळेची आली. कार्यालयातून आम्हाला सकाळी अकरा ते एक ही वेळ देण्यात आली आणि 'सगळ्यांना हीच वेळ सोयीची पडते' असे सांगण्यात आले. घरातली मोठी बाई दिवसभर घरीच असते, पाणी तापवून ठेवते, बाळाचे कपडे काढून ठेवते, सेविका गेल्यावर बाळंतिणीला गरम जेवण वाढते, असे या सेवेच्या आखणीतच गृहीत धरलेले आहे. आमच्या घरी अकरा वाजता माझ्या सासूबाई असतात, ज्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि ज्यांना स्वतःलाच उठता-बसताना आधार लागतो. बरीच बोलणी झाल्यावर सकाळी सात ते नऊ ही वेळ मिळाली, तीही जादा पैसे भरून. मला विचाराल तर संपूर्ण व्यवहारात सर्वांत सार्थकी लागलेले पैसे हेच. या दोन तासांत अंघोळ आणि मालीश उरकल्यावर दुपट्यात गुंडाळलेली, तेलाचा आणि बेसनाचा वास येणारी नात माझ्या हातात यायची आणि बँकेत जाण्यापूर्वी पाऊण तास तरी ती माझ्याजवळ असायची. वेळ अकराची राहिली असती, तर नातीची अंघोळ मी फक्त मोबाइलवर पाहिली असती. नोकरी करणाऱ्या आजीने अशी सेवा घेताना हाताखाली माणूस किती मिळेल यापेक्षा आपल्या घरी असण्याच्या वेळेत तो मिळेल का, हे आधी विचारावे.

सेविका मात्र उत्तम मिळाल्या. वयाने माझ्याहून थोड्या लहान, मूळच्या अमळनेरकडच्या आणि बोलणे अस्सल अहिराणी. न्हाणीघरात पाटावर पाय लांब करून बसायच्या, दोन्ही नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळाला पालथे घ्यायच्या आणि पाणी ओतण्यापूर्वी प्रत्येक वेळी कोपर बुडवून ते किती गरम आहे ते पाहायच्या. तळहातावर पाण्याचा अंदाज बरोबर येत नाही, कामाने तळहात निबर होतात, असे त्यांनी माझ्या मुलीला समजावून सांगितले. पाठीवर पाणी घालताना डावा हात सतत बाळाच्या कपाळाखाली असायचा, म्हणजे नाकातोंडात थेंबही जाऊ नये. नाळ पडेपर्यंत त्यांनी अंघोळ घातलीच नाही, ओल्या मऊ कापडाने अंग पुसले आणि नाळेला तेल, हळद, राख यांपैकी काहीही लावू दिले नाही. डॉक्टरांनीही नाळ फक्त कोरडी ठेवायला सांगितले होते. अंघोळ झाली की बाळ दूध पिऊन तासाभरात झोपी जायचे आणि त्या दारातून मला म्हणायच्या, "पोर जपी गयी ताई, आते तुम्ही निघा."

मुलीचे सिझेरियन झाले होते. कार्यालयाच्या छापील यादीत 'पोट बांधणे' हा प्रकार सरसकट सगळ्यांसाठी होता. सेविकेने मात्र पहिल्या दिवशी रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड मागितले, टाके पाहिले आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत पोटाला हात लावणार नाही असे स्पष्ट सांगितले. छापील यादीपेक्षा सेविकेला अधिक कळत होते, हे आमचे नशीब. ते सगळ्यांच्या वाट्याला येईलच असे नाही, म्हणून कार्ड दाखवण्याचा आग्रह घरच्यांनीच धरावा.

जुन्या रीतींचा प्रश्न यापेक्षा नाजूक होता. सासूबाईंनी स्वतःची आणि जावांची मिळून घरातली कितीतरी बाळंतपणे पाहिली आहेत. बाळाच्या कानात तेल घालणे, नाक चिमटीत धरून सरळ करणे, छाती दाबून 'दूध काढणे', काजळ, मधाचे बोट आणि ओवा, वेखंड, बाळंतशेपा टाकून शेगडीची धुरी, हे सगळे त्यांच्या लेखी झालेच पाहिजे. सेविकेने यांतले काय करायचे आणि काय नाही, हे वाद न घालता निभावले. टाळू भरणे आणि अंगाला तेल चोळणे मान्य. कान, नाक आणि छाती यांना हात नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असे डॉक्टर का सांगतात, तर मधातून येणारे काही जिवाणू त्या वयाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात, हे त्यांना नेमके ठाऊक होते. धुरीच्या बाबतीत त्यांनी तोडगा काढला : शेगडी अंगणात पेटवायची, बाळाचे कपडे तिथे शेकून आणायचे आणि खोलीत धूर होऊ द्यायचा नाही. सासूबाईंचा मान राहिला आणि बाळाच्या छातीत धूरही गेला नाही. मला हे इतक्या सफाईने जमले नसते. सून कितीही मोठ्या हुद्द्यावर असली तरी सासूबाईंना 'नको' म्हणताना तिचा आवाज वेगळाच निघतो.

एप्रिल लागला आणि पारा चाळिशीच्या वर गेला, तेव्हा पाण्याचा विषय निघाला. खान्देशातल्या उन्हाळ्यात लहानग्याला पाणी न देणे हे आमच्या पिढीलाही क्रूरपणाचे वाटते. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, वरचे पाणीदेखील नाही आणि हे उन्हाळ्यातही तसेच, कारण आईच्या दुधात बाळाला लागते तेवढे पाणी असते, अशी जागतिक आरोग्य संघटनेची आणि आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांचीही शिफारस आहे. दूध वारंवार पाजणे आणि आईने भरपूर पाणी पिणे, एवढाच त्यावर उपाय. सेविका रोज सकाळी लंगोट किती ओले झाले ते विचारायच्या आणि त्यावरून दूध पुरते की नाही ते सांगायच्या. हा साधा हिशेब सासूबाईंना पटला; डॉक्टरांच्या कागदावरून पटला नव्हता.

डब्याबद्दल मात्र चांगले लिहिता येत नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, सुंठ घातलेले वरण आणि वर तुपाची धार, असा ठरावीक बेत होता. पदार्थ स्वच्छ होते, तूप चांगले होते, चवीलाही नाव ठेवण्यासारखे काही नव्हते. परंतु जानेवारीत जो बेत तोच एप्रिलात, हे कोणत्या शहाणपणाने ठरवले असेल ते कळत नाही. बाहेर लू वाहते आहे, कूलर दिवसरात्र चालू आहे आणि ताटात डिंक, सुंठ आणि बाजरी. मुलीला दुसऱ्या आठवड्यातच ते नकोसे झाले. बाजरीच्या जागी ज्वारीची भाकरी द्या, ताक द्या, एवढे साधे बदल मागितले, तर 'मेनू फिक्स आहे' असे उत्तर आले. डबा बंद केला आणि स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनाच जादा पैसे देऊन वरण-भात, दुधीची भाजी, ज्वारीची भाकरी असे साधे जेवण सुरू केले; लाडू तेवढे सकाळी एक. बंद केलेल्या दिवसांचे पैसे परत मिळाले नाहीत. शेवभाजीची आठवण काढून मुलगी रोज हळहळायची, तो दोष अर्थात सेवेचा नाही.

खरी नाराजी दोन गोष्टींबद्दल आहे. वर्षअखेरीच्या आठवड्यात, जेव्हा मला रात्री नऊच्या आत घरी येणे शक्य नव्हते, तेव्हाच सेविका तापाने आजारी पडल्या आणि कार्यालयाने कोणतीही पूर्वसूचना न देता दुसरी बाई पाठवली. तिला सिझेरियनची कल्पना नव्हती, बाळाचे वजन ठाऊक नव्हते आणि तिने आल्या आल्या खोलीतच धुरी पेटवायला घेतली. मुलीने वेळीच थांबवले. माणूस आजारी पडणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण बदली बाईला चार ओळींची टिपणे द्यायला काय अडचण होती? बँकेत शाखाप्रमुख रजेवर गेला तर कामाचा लेखी ताबा दुसऱ्याकडे दिला जातो. तीन आठवड्यांच्या जिवाचा ताबा तोंडी निरोपावरही दिला गेला नव्हता.

दुसरी गोष्ट फोटोची. सेविका रोज सकाळी अंघोळीनंतरचे एक छायाचित्र व्हॉट्सअॅपवरच्या आमच्या घरच्या गटात टाकत असत, ते पुण्यातल्या जावयांना आणि विहीणबाईंना फार आवडायचे. एके दिवशी तेच छायाचित्र सेवेच्या जाहिरातीत दिसले, तेही एका ग्राहकाने आमच्या शाखेत येऊन "मॅडम, नात गोड आहे" असे म्हटल्यामुळे कळले. आमची परवानगी कुणी विचारली नव्हती. फोन केल्यावर छायाचित्र काढून टाकण्यात आले आणि दिलगिरीही व्यक्त झाली, पण करारात याबद्दल एक ओळही नव्हती, कारण करार म्हणून दिलेला कागद म्हणजे फक्त दरपत्रक होते.

पैशांचा हिशेब असा : सव्वा महिन्याचे २२,००० रुपये, सकाळच्या वेळेचा जादा आकार ३,००० आणि डबा वेगळा. गल्लीतली अनुभवी मालीशवाली बाई यापेक्षा जवळजवळ निम्म्या पैशांत येते आणि काही जणी तितक्याच कुशल असतात. जादा पैसे प्रशिक्षणाचे आणि बदली माणसाच्या हमीचे आहेत, असे कार्यालय सांगते. त्यातले प्रशिक्षण दिसले. हमीचे वर सांगितलेच. खेड्यात बाळंतपण झाले असेल तर आशा स्वयंसेविका बाळाला पाहायला घरी येते, हेही लक्षात ठेवावे. रुग्णालयात प्रसूती झाल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा तिच्या सहा भेटी ठरलेल्या असतात, त्यांत ती बाळाचे वजन आणि ताप पाहते, दूध पाजण्याबद्दल सांगते आणि त्याचे पैसे पडत नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बालसेवेचे जे काम उभे केले, त्यातून ही पद्धत देशभर गेली. मालीश-अंघोळ हे तिचे काम नाही. पण धोक्याची लक्षणे ओळखण्यात ती कोणत्याही सशुल्क सेवेपेक्षा कमी नाही. आमच्याकडे बाळाचे वजन एकदाही केले गेले नाही, ते आम्ही सहाव्या आठवड्याच्या लसीकरणाच्या वेळी दवाखान्यातच पाहिले.

सेविकेविषयी आणखी एक गोष्ट ओघाने कळली. त्यांनाही नातू झाला होता, आमच्या नातीहून थोडासा मोठा. त्यांची सून शिवणकाम करते आणि सकाळी सातच्या वेळेमुळे त्या स्वतःच्या नातवाची अंघोळ घालू शकत नव्हत्या. ती अंघोळ जमेल तशी सूनच उरकायची. जादा आकाराच्या तीन हजारांतला एक रुपयाही त्यांना मिळत नव्हता, हे मी विचारले तेव्हा कळले. करारात आठवड्याची सुट्टी नव्हती. रविवारी मी घरीच असते, म्हणून रविवारी येऊ नका असे मी त्यांना सांगितले आणि कार्यालयाला त्याचे पैसे कापू नयेत असे लेखी कळवले. त्या दिवशी पाटावर मी बसायचे आणि सासूबाई खुर्चीतून सूचना करायच्या. पहिल्या रविवारी माझे पाय थरथरत होते, नंतर सवय झाली.

मुलीला प्रसूती रजा २६ आठवड्यांची आहे, २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी ती तेवढी मिळते. आजीला मात्र कोणत्याच नियमात रजा नाही. मी अर्जित रजेतून तुकड्या-तुकड्यांनी दिवस काढले, तेही ३१ मार्च उलटल्यावरच. सव्वा महिना संपताना कार्यालयाने 'दिवसभराची आया' ही पुढची सेवा सुचवली. ती आम्ही घेतली नाही, कारण आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, मुलगी पुण्याला परत जाणार होती. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते आणि तिच्या कंपनीत ती आहे. पुढे मी स्वेच्छानिवृत्ती घ्यावी का, हा विषय घरात निघाला होता. त्याचे उत्तर कोणत्याही सेवेच्या दरपत्रकात नाही आणि तूर्त मी ते 'नाही' असेच ठेवले आहे.

ही सेवा पुन्हा घेईन का, तर सेविका त्याच असतील, वेळ सकाळी सातची असेल आणि डबा नसेल, तर घेईन. पैसे भरण्यापूर्वी मात्र बदली बाईला लेखी टिपणे देणे, छायाचित्रांना परवानगी घेणे, सेविकेला साप्ताहिक सुट्टी देणे आणि बंद केलेल्या सेवेचे पैसे परत करणे, या चार गोष्टी कागदावर लिहून त्यावर सही घेईन. कार्यालय सही द्यायला तयार नसेल, तर गल्लीतल्या मालीशवाल्या बाईला सांगेन आणि उरलेल्या पैशांत स्वयंपाकाच्या बाईंची वेळ वाढवेन.