रायझिंग सन्स की बटरफील्ड: आधी कुठल्या हरवलेल्या टेप्स ऐकाल?

साठच्या दशकातला ब्लूज रॉक आवडतो आणि त्या काळी बाहेर न आलेली जुनी रेकॉर्डिंग्ज घ्यायचीत पण बजेट एकाच सीडीचं आहे, तर सरळ सांगतो, आधी रायझिंग सन्स घ्या. हार्मोनिकावाला पॉल बटरफील्ड, त्याच्या ब्लूज बँडची 'ओरिजिनल लॉस्ट इलेक्ट्रा सेशन्स' पण जबरदस्त आहे, फक्त ती थोडी थांबू शकते.

बटरफील्डच्या टेप्स डिसेंबर १९६४ च्या. सॅम ले ड्रम्सवर आणि जेरोम आर्नल्ड बेसवर, दोघंही ब्लूज गायक हाउलिन वुल्फच्या बँडमधून आलेले, त्यामुळे ठेका असा घट्ट की पाय आपोआप हलतो. पण प्रोड्युसर पॉल रॉथचाइल्डचं समाधान होईना, मग न्यूयॉर्कच्या कॅफे ऑ गो गो क्लबमध्ये लाइव्ह रेकॉर्डिंग केलं, तेही बाद, आणि तिसऱ्या खेपेला १९६५ चा पहिला अल्बम झाला. बाद टेप्समधली १९ गाणी १९९५ ला आली. 'अवर लव्ह इज ड्रिफ्टिंग' दोन्हीकडे आहे, पाठोपाठ लावून बघा, ऑर्गनवाला मार्क नॅफ्टलिन यायच्या आधीचा बँड किती कच्चा आणि किती भुकेला होता ते लगेच कळतं. म्हणजे इथे पक्कं झालेलं रूप आपल्याकडे आधीपासून आहे.

रायझिंग सन्सचं तसं काहीच नाही हो! लॉस एंजेलिसचा बँड, ताज महाल नावाचा गायक आणि गिटारवर जेमतेम अठरा वर्षांचा राय कूडर, म्हणजे विश्वमोहन भट्टांबरोबर 'अ मीटिंग बाय द रिव्हर' केलं तोच. गोरी-काळी पोरं एकत्र वाजवतायत (बटरफील्डकडेही तेच), तेही १९६५ च्या अमेरिकेत. कोलंबिया रेकॉर्ड कंपनीसाठी प्रोड्युसर टेरी मेल्चरने भरपूर रेकॉर्ड केलं, बाहेर आलं काय तर १९६६ मध्ये एक सिंगल, 'कँडी मॅन', बस्स. एकीकडे जुन्या ब्लूजवाल्या ब्लाइंड विली मॅक्टेलचं 'स्टेट्सबोरो ब्लूज', दुसरीकडे गॉफिन-किंग या गीतकार-संगीतकार जोडीचं पॉप गाणं, हा बँड नक्की कुठल्या खणात ठेवायचा हेच ठरेना. मला तर नेमकी तीच सरमिसळ आवडते, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्री दीडला हेडफोन काढून पाच मिनिटं नुसता बसून होतो. २२ गाण्यांची सीडी यायला १९९२ उजाडलं.

एक गोष्ट खटकेल, काही गाण्यांवर ताजने १९९२ मध्येच नव्याने आवाज दिलाय, तो पिकलेला आवाज त्या कोवळ्या गिटारवर वेगळा पडतो. पण 'स्टेट्सबोरो' ऐका आणि मग त्याच गाण्याचं ताजच्या १९६८ च्या सोलो अल्बममधलं रूप ऐका, एवढ्यासाठी तरी पैसे वसूल.

हार्मोनिका शिकत असाल तर मात्र माझं ऐकू नका, बटरफील्डच आधी घ्या आणि 'मेलो डाउन ईझी'पासून सुरू करा.