घनवन लावून देणारी सेवा: पैसे मोजावेत ते मातीच्या कामासाठी

उजाड जागेवर मियावाकी पद्धतीचं घनवन, म्हणजे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीनं स्थानिक झाडं दाटीनं लावलेलं छोटं जंगल, लावून पहिली दोन-तीन वर्षं ते सांभाळून देणारी सेवा हल्ली सहज मिळते. काम नीट झालं तर झाडं खरोखर झपाट्यानं वाढतात. फसगत होते ती रोपांची संख्या पाहून कंत्राट दिलं की.

उघड्या खडकावर निसर्ग दगडफुलापासून सुरुवात करतो. त्याच्या आम्लांनी दगड झिजतो, सांदीत धूळ आणि कुजका पाला साठतो. मग शेवाळ, गवत, नत्र स्थिर करणारी झुडपं, उन्हाची झाडं आणि शेवटी सावलीत रुजणारी. आइसलँडजवळचं सर्टसी बेट 1963 साली समुद्रातून वर आलं. तिथे झाडोरा भराभर वाढू लागला तो 1986 नंतर, कुरव (सीगल) पक्ष्यांची वसाहत होऊन त्यांच्या विष्ठेतलं नत्र मिळायला लागल्यावर. आधी माती, मग झाडं. ही सेवा मधले टप्पे गाळते, म्हणजे त्या टप्प्यांचं काम तिने खत घालून आणि खणून भरून काढलं पाहिजे.

म्हणून आधी खड्ड्यात उतरून बघा. माती साधारण मीटरभर खोल मोकळी केलेली हवी, त्यात पूर्ण कुजलेलं खत मिसळलेलं हवं. कच्चा भुसा किंवा लाकडाचा चुरा मातीत कालवला तर तो कुजवणारे जिवाणू नत्र ओढून घेतात आणि पानं पिवळी पडतात. तोच चुरा वर पसरला तर उत्तम आच्छादन. थर 10 ते 15 सेंटिमीटर, पण खोडापासून चार बोटं दूर. चिकटला की साल कुजते.

चौरस मीटरला तीन-चार रोपं, शेजारी शेजारी एकाच जातीची नकोत. चार-दोन रोपांच्या पिशव्या फाडून पाहाच. तळाशी मुळं कड्यासारखी गुंडाळलेली असतील तर तो लॉट परत करा. अशी झाडं दोन वर्षं हिरवी दिसतात आणि वाऱ्यात कोलमडतात.

भरवशाच्या लोकांची खूण म्हणजे ते काही जागांना नकार देतात. नैसर्गिक गवताळ माळ पडीक नसतो, तिथे घनवन लावणं म्हणजे नांदता अधिवास मोडणं. निव्वळ कातळावरही ही सेवा घेऊ नये. तिथे पाणी अडवावं, चराई थांबवावी आणि गवताला वेळ द्यावा.

पाणी दुसऱ्या वर्षापासून हळूहळू कमी करायचं असतं. एकदम तोडलं तर वर वर राहिलेली मुळं सुकतात. शेंडे एकमेकांना भिडून वर सावलीचं छत झालं की काही झाडं दबून मरतात, ती बदलून मागू नका. करारात मात्र जगलेल्या रोपांच्या टक्केवारीसोबत आणखी एक अट घाला: तिसऱ्या वर्षी पाचोळा उचलला की खाली बुरशीचे पांढरे धागे आणि भुसभुशीत काळी माती दिसली पाहिजे.