मनोरीचा बंगला, डिपॉझिट आणि "चेक-इनला परत देतो": आमची फसवणूक कशी झाली ते वाचा

मनोरी, गोराई, उत्तन या बाजूला वीकेंडसाठी स्वस्तात बंगला शोधत असाल तर बुकिंगचे पैसे पाठवायच्या आधी हे पूर्ण वाचा. आमच्या घरचे चौदा हजार रुपये गेलेत. रक्कम कुणाला लहान वाटेल, पण ज्या पद्धतीने हे केलं जातं ती पद्धत सगळ्यांना कळायला हवी, कारण पैसे पाठवल्यानंतरचे जे पहिले काही तास असतात ना, तेच ही माणसं आपल्याकडून काढून घेतात आणि ते आपल्याला तेव्हा कळतसुद्धा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मनोरी म्हणजे मालाडच्या मार्वे जेट्टीवरून खाडी ओलांडली की पलीकडे. बोटीत बाईकसुद्धा चढवतात, काही मिनिटांत पलीकडे. कारने जायचं तर भाईंदरवरून उत्तनमार्गे मोठा वळसा. या सगळ्या पट्ट्याला धारावी बेट म्हणतात, झोपडपट्टीवाली धारावी वेगळी. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ साली, मराठ्यांनी इथला धारावीचा किल्लासुद्धा घेतला होता, आमच्या मामांना तो बघायचाच होता. कोळी आणि ईस्ट इंडियन (म्हणजे इथल्याच मूळ ख्रिस्ती) लोकांची गावं, रस्त्याला क्रूस, वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, वाळत घातलेले बोंबील, आणि जुहूसारखी गर्दी नसलेला किनारा. आजीला लांबचा प्रवास झेपत नाही, लहान मुलं आहेत, अलिबागला जायचं तर खर्च वाढतो, म्हणून सगळ्यांनी मिळून मनोरी ठरवलं.

माझ्या मामेभावाला इन्स्टाग्रामवर एक पेज दिसलं. भरपूर फॉलोअर्स, रील्स, खाली "खूप छान स्टे, फॅमिलीसाठी बेस्ट" वगैरे कमेंट्स. तीन बेडरूमचा बंगला, समोर लॉन, बाल्कनीतून समुद्र, अकरा जणांचे एका रात्रीचे आठ हजार. इतर ठिकाणी शनिवारचा रेट जवळपास दुप्पट सांगत होते. मॅपवरसुद्धा त्या नावाने पिन होती आणि त्यावर तोच मोबाईल नंबर. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, मॅपवर कुणीही नवीन जागा टाकू शकतो, असलेल्या जागेचा नंबर बदलायला सुचवू शकतो आणि रिव्ह्यूसुद्धा टाकून घेऊ शकतो. मॅपवर नंबर आहे म्हणजे कुणीतरी तपासून टाकलाय असं अजिबात नसतं.

फोनवरचा माणूस मराठीत बोलत होता, एकदम नम्र. पहिलाच प्रश्न त्याने विचारला, "दादा, फॅमिली आहे ना? बॅचलर्सना आपण देतच नाही, ड्रिंक्सची पार्टी चालणार नाही, आपली घरची प्रॉपर्टी आहे." स्पीकरवर हे ऐकून मामी आणि माझी आई दोघींचा विश्वास बसला. घर देणारा माणूस आपल्यालाच अटी घालतोय म्हटल्यावर तो खोटा असेल असं कुणाच्या मनात येईल? ते वाक्य त्यासाठीच असतं हे आता कळतंय. जेवणाचंही विचारलं त्याने, पापलेट हवं की सुरमई, आजी शाकाहारी आहेत तर त्यांचं वेगळं करू.

चार हजार ॲडव्हान्स मागितला. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव भलतंच आलं, कुठलंतरी "एंटरप्रायझेस". विचारलं तर म्हणे आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, जीएसटीमुळे तिथे घेतो. नंतर "पोलीस व्हेरिफिकेशनसाठी" सगळ्या मोठ्यांच्या आधारचे फोटो मागितले. लेटरहेडवर छापलेली बुकिंग पावती पाठवली, त्यावर शिक्का, चेक-इन दुपारी बाराचं.

गुरुवारी संध्याकाळी त्याचा परत फोन. सिक्युरिटी डिपॉझिट पाच हजार, पण काळजी नको, सिस्टिममधून पाच मिनिटांत आपोआप परत येतं, फक्त नोंद व्हावी लागते. भावाने पाठवले. पाच मिनिटांनी फोन, "दादा, तुम्ही रिमार्कमध्ये बुकिंग नंबर टाकला नाही, त्यामुळे रिफंड अडकलाय, आता परत पाच हजार नंबर टाकून पाठवा म्हणजे दहाचे दहा एकत्र सुटतील." आणि हे सगळं फोन चालू ठेवून. हे फार महत्त्वाचं आहे, तो फोन ठेवूच देत नाही, एका बाजूला बोलत राहतो, दुसऱ्या बाजूला व्हॉट्सॲपवर "रिफंड प्रोसेसिंग" असं लिहिलेला स्क्रीनशॉट येतो, त्यावर फिरणारं चक्र, आणि समोरच्याला वाटतं आता झालंच. दुसरे पाच हजार पण गेले. मग तिसऱ्यांदा दहा हजार मागितले, तेव्हा माझ्या मामेबहिणीने फोन हातातून घेतला आणि सांगितलं की आता एक रुपया मिळणार नाही, आधी आमचे परत करा.

आता खरा डाव. त्याने वाद घातला नाही, फोन बंद केला नाही, ब्लॉक केलं नाही. उलट म्हणाला, "ताई तुमचं बरोबर आहे, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, तुम्ही टेन्शन घेऊ नका, शनिवारी चेक-इनला मी स्वतः दहा हजार कॅश हातात देतो." शुक्रवारी सकाळी त्याचा मेसेज आला, "केअरटेकरला सांगितलंय, मासे सांगून ठेवलेत." रात्री बोटीच्या वेळा पाठवल्या. ज्याने फसवलंय तो आपल्याला बोटीच्या वेळा कशाला पाठवेल, असंच कुणालाही वाटेल.

पण गुरुवार संध्याकाळ ते शनिवार दुपार हा वेळ त्याने आमच्याकडून गोड बोलून घेतला. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर आहे, तिथे लगेच फोन केला तर ते बँकेला कळवून ज्या खात्यात पैसे गेलेत तिथेच रोखायचा प्रयत्न करतात. यासाठी केंद्राची यंत्रणा २०२१ पासून आहे. पैसे तिथे पडून असतील तरच रोखता येतात, आणि ही लोकं पैसे आले की दुसऱ्या खात्यात, तिथून तिसऱ्या, तिथून एटीएममधून बाहेर असं करतात, बऱ्याचदा भाड्याने घेतलेली खाती असतात. आपण जितका वेळ "शनिवारी देणार आहे ना" म्हणून थांबतो तितकी साखळी लांबते. म्हणून ते गोड बोलणं हा फसवणुकीचाच भाग आहे, माझ्या मते सगळ्यात वाईट भाग. ॲडव्हान्स गेला ते एक, पण परत मिळायची शक्यता त्याने अशी घालवली.

शनिवारी आम्ही पोचलो. आजीला बोटीत हात धरून चढवलं, उतरवलं, दोन रिक्षा केल्या, पिनवर गेलो. घर होतं! फोटोतलंच गेट, तोच लॉन. कुलूप. फोन लावला तर स्विच ऑफ. बाजूच्या घरातून एक वयस्कर काका आले, तेच त्या घराची देखभाल करतात. त्यांनी बॅगा बघितल्या आणि आम्ही काही बोलायच्या आधीच विचारलं, "तुम्ही पण पैसे भरलेत काय?" आमच्या आधीही लोक असेच येऊन गेले होते. मालक बाहेरगावी असतात, घर कधीच भाड्याने दिलेलं नाही, कुणीतरी रस्त्यावरून गेटचे फोटो काढून नेलेत. काकांनी मालकांना कळवलंय, पिन काढायला रिपोर्टपण केलंय, पण ती नवीन नावाने परत येते असं ते म्हणाले.

तिथे उभं राहून आम्ही ते फोटो परत बघितले. गेट आणि लॉन या घराचं होतं, पण आतले फोटो दुसरीकडचे. एका बेडरूमची भिंत सरळ सरळ जांभ्याची होती, रत्नागिरी-सिंधुदुर्गात दिसते तशी. आणि त्या घराला समुद्र दिसेल अशी बाल्कनीच नाही. असे फोटो गूगल लेन्सवर टाकले की बऱ्याचदा मूळ ठिकाण सापडतं, आमच्या त्या बेडरूमचा फोटो नंतर दोन-तीन वेगवेगळ्या नावांनी मिळाला, एक गणपतीपुळ्याचं म्हणून, एक दिवेआगरचं म्हणून.

काकांच्या घरच्यांनी आजीला बसायला खुर्ची दिली, मुलांना सरबत दिलं, आणि त्यांच्या ओळखीतल्या एका ईस्ट इंडियन कुटुंबाकडे दोन खोल्या मिळवून दिल्या. त्या ताई वर्षानुवर्षं खोल्या देतात, पेज नाही, रील नाही. त्या सांगत होत्या की हल्ली लोक ॲडव्हान्सचं नाव काढलं की फोन ठेवतात, आणि ॲडव्हान्स न घेता खोली ठेवली तर येतच नाहीत. म्हणजे ही चोर मंडळी आमचे पैसे तर नेतातच, पण ज्यांचं घर या चार खोल्यांवर चालतं त्यांचा धंदाही मारतात. याचा मला जास्त राग आहे.

१९३० ला तिथूनच फोन केला. फोन करताना जवळ काय लागतं ते सांगते कारण तेव्हा शोधाशोध होते: प्रत्येक ट्रान्झॅक्शनचा बारा आकडी यूटीआर नंबर, तारीख-वेळ, रक्कम, ज्या यूपीआय आयडीला गेले तो, आपली बँक आणि त्याचा मोबाईल नंबर. फोन झाल्यावर पावती नंबर येतो, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर चॅटचे स्क्रीनशॉट वगैरे टाकून तक्रार पूर्ण करायची. चॅट डिलीट करू नका, रागाने ब्लॉक करू नका, आधी सगळं एक्सपोर्ट करून ठेवा. आमच्या चौदा हजारांपैकी एका खात्यात तीन हजारांच्या आसपास रक्कम रोखली गेली आहे, ती सोडवून घ्यायचं काम चालू आहे. बाकीचे पुढे गेले होते. गुरुवारी रात्रीच फोन झाला असता तर चित्र वेगळं असण्याची शक्यता होती.

बँकेबद्दल एक गैरसमज खूप आहे. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे की तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, तो सगळे फॉरवर्ड करतात. पण तो आपल्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे यूपीआय पिन आपण स्वतः टाकलेला असतो, त्यामुळे बँक त्या नियमाने पैसे देत नाही, आम्हालाही हेच उत्तर मिळालं. तरी बँकेला लेखी कळवाच, तक्रारीला जोडायला लागतं.

आणि पैसे परत यायला कधीच यूपीआय पिन टाकावा लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, आधी अजून पैसे पाठवावे लागत नाहीत. रिफंडसाठी पैसे भरा म्हटलं की तिथेच फोन कट करा आणि १९३० लावा, तो शनिवारी सोन्याची वीट देतो म्हणाला तरी.

बुकिंग करताना आता आम्ही काय करतो? बोलता बोलता म्हणतो, आत्ता व्हिडिओ कॉल करा आणि गेटपासून किचनपर्यंत दाखवा. खरा माणूस फार तर म्हणतो संध्याकाळी घरी गेलो की करतो, खोटा माणूस चिडतो किंवा दहा कारणं देतो. मनोरीसारखं जवळचं ठिकाण असेल तर आधीच्या रविवारी एक जण बोटीने जाऊन डोळ्याने बघून येतो, जाण्यायेण्याचा खर्च नगण्य आहे. लांबचं असेल तर गावातल्या किराणा दुकानाचा किंवा खानावळीचा नंबर शोधून विचारायचं की या नावाचं घर भाड्याने देतात का, कोकणात लोक सांगतात, उगाच नाही म्हणत नाहीत. एमटीडीसीची (राज्याच्या पर्यटन महामंडळाची) निवासं त्यांच्याच साइटवरून बुक करायची, पर्यटन विभागाच्या निवास न्याहारी योजनेत नोंद आहे म्हणत असतील तर पर्यटनाच्या ऑफिसला विचारून खात्री करायची, कागदाचा फोटो कुणीही बनवतो. पैसे पाठवताना स्क्रीनवर येणारं नाव आणि घरमालकाचं नाव जुळत नसेल तर थांबायचं. सगळ्यांचं आधार तर अजिबात पाठवायचं नाही, मास्क्ड आधार (ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात) मिळतं तेच द्यायचं. आमची आधार गेलीत म्हणून आम्ही सगळ्यांचं आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक केलं आणि केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते तपासलं. संशयास्पद नंबर तिथेच चक्षू विभागात कळवता येतो, तोही कळवला.

आता शेवटचं, आणि हे अजून चालू आहे म्हणून सांगते. त्या पेजच्या खाली भावाने "हे फ्रॉड आहेत" असं लिहिल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याला मेसेज आले, सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे चौदा हजार सापडलेत, प्रोसेसिंग फी बाराशे भरा. प्रोफाइलला खाकीतला फोटो. हा त्याच टोळीचा दुसरा हात असू शकतो किंवा असे फसलेले लोक शोधणारे वेगळेच, पण १९३० वाले किंवा पोलीस पैसे परत मिळवून देण्यासाठी फी मागत नाहीत. तुमच्या घरात कुणी आधीच फसलेलं असेल तर त्यांना हे आजच सांगा, कारण त्यांचा नंबर या लोकांकडे गेलेला आहे.