काउच टू फाइव्ह-के: मोठ्या खंडानंतर पुन्हा धावायला लागल्याचा अनुभव

काउच टू फाइव्ह-के, म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटर धावण्यापर्यंत नेणारा हा प्लॅन, वापरून आता बरेच महिने झालेत. सुरुवातीला त्यातलं जे फारच किरकोळ वाटलं होतं, त्यानेच मला टिकवून ठेवलंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

जॉश क्लार्क यांनी १९९६ साली हा प्लॅन तयार केला. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी साधारण अर्धा तास, आणि शेवटी सलग तीस मिनिटं किंवा पाच किलोमीटर धावणं. यावर बेतलेली भरपूर अ‍ॅप आहेत. मी कानात 'धावा', 'चाला' एवढंच सांगणारं एक साधं अ‍ॅप घेतलं.

पूर्वी मी नियमित धावायचे. खंड पडल्यावर परत सुरू करणं नवख्या माणसापेक्षा अवघड जातं असं माझं ठाम मत झालंय, कारण डोक्यात जुना वेग आणि जुनं अंतर बसलेलं असतं. बाहेर पडायच्या आधीच आज किती जमेल याची धास्ती वाटते आणि उद्यावर ढकललं जातं. या प्लॅनचा पहिला आठवडा बघा: पाच मिनिटं भरभर चालणं, मग ६० सेकंद धावणं आणि ९० सेकंद चालणं, असं आलटूनपालटून २० मिनिटं. एवढ्याशा कामाची धास्ती घ्यायला मन तयारच होत नाही. आणि गंमत पुढे आहे. श्वास लयीत येतोय, पाय मोकळे होताहेत, अजून थोडं जावं असं वाटतंय, नेमकं तेव्हाच कानात 'चाला' येतं. ती उरलेली इच्छा पुढच्या वेळेपर्यंत टिकते. प्रेरणा कुठून आणायची, असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते: धावून झाल्यावर थोडी उरायला हवी, की पुढच्या वेळी तीच बाहेर काढते.

हळू जाण्याला शरीराचंही कारण आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत प्रतिसाद देतात; हाडं आणि स्नायूबंध मात्र सावकाश तयार होतात. पूर्वी धावलेल्यांना हे जास्त सांभाळावं लागतं, कारण दम पुरायला लागला की जुना वेग आपोआप पायात येतो आणि नडगी, टाच ठणकायला लागते. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, ही खूण मी पहिल्या दिवसापासून पाळली. माझ्या अ‍ॅपमध्ये वेगाबद्दल अवाक्षर नाही. ही उणीव मला मोठी वाटते.

पाचव्या आठवड्याबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण बरेच जण तिथे अडतात. पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटं तीनदा, दुसऱ्या दिवशी आठ-आठ मिनिटं दोनदा, आणि तिसऱ्या दिवशी थेट सलग वीस मिनिटं! कागदावर ही उडी अंगावर येते. मी त्या दिवशी घड्याळ बाहीखाली झाकलं आणि चालण्यापेक्षा जेमतेम जास्त वेगाने निघाले. सातव्या-आठव्या मिनिटाला पोटऱ्या जड झाल्या, श्वास वर आला. पावलं आखूड केली, खांदे सैल सोडले, आणि थोड्या वेळाने तो जडपणा आपोआप ओसरला. त्यानंतर माझी भीती कायमची गेली. ज्यांना हे आठवडे कठीण वाटतील त्यांनी एखादा आठवडा पुन्हा खुशाल करावा, प्लॅन त्याने बिघडत नाही.

सवयीबद्दल एका अभ्यासाचा मला फार आधार वाटला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं, पण माणसागणिक हा अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. एखादा दिवस चुकल्याने विशेष फरक पडला नाही, हे त्यातलं सर्वांत मोलाचं. आजारपण, पाहुणे, कामाचा रेटा, दिवस चुकतोच. चुकलेला दिवस भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट धावू नका, पुढच्या ठरलेल्या वारी सरळ निघा. वार आणि वेळ मात्र आधीच पक्की असू द्या. जायचं की नाही हा प्रश्न अंथरुणात पडल्यापडल्या सोडवायचा नसतो.

प्लॅनमध्ये ताकदीचा व्यायाम नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोरकस व्यायाम सुचवते, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे. धावण्यातून पहिला भाग होतो, दुसरा आपणच जोडायचा. मी न धावण्याच्या दिवशी बैठका आणि पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वरखाली करणं सुरू केलं. पोटऱ्यांना त्याचा चांगलाच उपयोग झाला.

सर्वांत मोठी तक्रार शेवटाबद्दल. नवव्या आठवड्यानंतर अ‍ॅप अभिनंदन करून गप्प बसतं, आणि नेमकी तिथेच सवय पुन्हा सुटू शकते. म्हणून शेवटचा आठवडा संपायच्या आतच पुढचं ठरवून ठेवा. मी वार तेच ठेवले: एक दिवस निवांत, एक दिवस थोडं लांब, आणि एक दिवस अधूनमधून एकेक मिनिट जोरात. हृदयविकार, छातीतलं दुखणं किंवा सांध्यांचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. बाकी ज्यांचं धावणं सुटलंय त्यांना मी हा प्लॅन बिनदिक्कत सुचवेन, अगदी पूर्वी दहा किलोमीटर सहज धावणाऱ्यांनाही, आणि तोही पहिल्या आठवड्यापासून.