पावलिक हार्नेस: काम चोख, वेल्क्रो भिकार

डीडीएच म्हणजे बाळाच्या खुब्याचा गोळा वाटीत नीट न बसणं, याहून जास्त सांगत बसत नाही. आमची लेक पायाळू, पहिलीच, त्यात डावा खुबा. याचा धोका ओळखायला डॉक्टर जे जे विचारतात ते सगळं जुळलेलं. सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी केली, खुब्याची वाटी किती नीट घडलीय ते सांगणारा ग्राफचा अल्फा कोन ४८ अंश आला (हवा ६० किंवा जास्त), आणि हार्नेस, म्हणजे पाय दुमडून फाकलेले ठेवणारा पट्ट्यांचा साज, चढला.

तक्रार एकच, पण जीव खाणारी: वेल्क्रो. रात्रंदिवस अंगावर राहणारी वस्तू. दुपट्याचे नि मोज्यांचे धागे अडकून महिन्याभरात त्याची पकडच गेली. पुढचे पट्टे मांड्या पोटाकडे ९० ते १०० अंशांत दुमडून धरतात. इथे मात्र सकाळी बघावं तर डॉक्टरांनी पेनाने केलेली खूण बोटभर सरकलेली! बरं, जास्त आवळायचीही सोय नाही. मांडीची नस दबली तर बाळ गुडघा सरळ करून लाथ मारायचं थांबतं, म्हणून रोज तेच बघत बसायचं. दुकानदाराला फोटो पाठवले. उत्तर: "ताई, वापरलेला माल बदलून मिळत नाही." चार पट्टे नि दोन कापडी बुटांचे एवढे पैसे घेऊन! शेवटी रुग्णालयाच्या ऑर्थोटिक्स विभागात (आधाराचे पट्टे वगैरे बनवतात तिथे) नवं वेल्क्रो शिवून मिळालं, रिक्षाभाड्याहून कमी पैशांत.

इथवर लिहिलं तेव्हा दोनच तारे दिले होते. आता चार देतेय, कारण अल्फा ६३ आलाय. पावलिक या चेक डॉक्टरांनी १९४०च्या दशकात हे काढलं. त्याआधी पाय जबरदस्तीने फाकवून प्लास्टर घालत, त्यात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटायचा. यात बाळ मनसोक्त लाथा मारतं आणि त्या हालचालीनेच गोळा वाटीत बसतो.

मालीशवाल्या मावशींना अजून पटलेलं नाही. त्यांचं एकच, "पाय सरळ ओढून दुपट्यात घट्ट बांधा." खुब्याला नेमकं तेच वाईट. सासूबाईंनी मात्र कडेवर घेण्याबद्दल विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "आजी, खुशाल घ्या, पाय दोन्ही बाजूंना फाकलेले राहूदेत."

सहाव्या महिन्यात एक्स-रे आहे. पाचवा तारा तरी अडवून ठेवलाय, वेल्क्रोपायी. नात्यात एकीने हार्नेस मागितलाय, पण देणार नाही. माप छातीच्या घेरावर ठरतं, पट्टे डॉक्टरच लावतात, आणि मागच्या पट्ट्यांचं वेल्क्रो आता तेही सुटायला लागलंय.